जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

बेळगावच्या टिळकवाडीत काय, बडोद्याच्या दांडिया बाजारात काय किंवा इंदूरच्या रामबागेत काय, जुन्या वाड्याच्या किंवा बंगल्याच्या आवारात ताडपत्री पांघरून उभी असलेली एखादी प्रीमियर पद्मिनी अथवा अँबॅसडर आजही दृष्टीस पडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ही फियाट बाहेर पडू लागली आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी पोचली. आज तिचे उत्पादन थांबले आहे. अँबॅसडरही २०१४ साली बंद झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतळांवरूनही पद्मिनीने निरोप घेतला. तरीही ज्या घरांनी ती वडिलांची ठेव म्हणून सांभाळली आहे, त्यांना ती मोडीत काढवत नाही.

अशी गाडी एक दिवस अडखळू लागते. उभी असताना थरथरते, घाट चढताना झटके देते, सायलेन्सरमधून ‘फट्‌ फट्‌’ असा तुटक आवाज येतो. मिस्त्री मंडळी याला ‘मिसिंग’ म्हणतात. आणि मग कोणीतरी सांगून मोकळा होतो, ‘इंजिन संपले, आता भंगारात द्या.’ पुष्कळदा हा निकाल एखाद्या क्षुल्लक सुट्या भागापायी दिलेला असतो. उलट, खऱ्या दोषाकडे दुर्लक्ष करून गाडी तशीच दामटली, तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि किरकोळ दुखणे खरोखरच जीवघेणे होते. म्हणूनच निदान आधी आणि खर्च नंतर, हा क्रम गृहस्थाने स्वतः समजून घ्यावा, हे बरे.

दुखणे म्हणजे नेमके काय?

पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, अँबॅसडरचे जुने इंजिन १४८९ चे. दोन्हींत चार सिलिंडर असून ते १-३-४-२ या क्रमाने पेटतात. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिन चालत असेल, तर दर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. प्रत्येक वेळी योग्य प्रमाणातील हवा व पेट्रोल, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी जोरदार ठिणगी, या तीन गोष्टी जुळून आल्या पाहिजेत. यांपैकी एक जरी चुकली, तरी त्या सिलिंडरची पाळी वाया जाते. तेव्हा सारा शोध ठिणगी, इंधन आणि दाब या तीनच घरांत घ्यावयाचा असतो.

आधी कान, मग हात

गाडी उघड्यावर उभी करावी, न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि सायलेन्सरपाशी क्षणभर लक्ष देऊन ऐकावे. ठराविक अंतराने, तालात चुकणारा ठोका असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा: त्याचा प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह. चूक अनियमित असेल, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा कार्ब्युरेटरमध्ये शोधावा. उभ्या गाडीत थरथर आणि वेग घेतल्यावर ती नाहीशी, असे असेल तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून इंजिन जादा हवा ओढत असण्याचा संभव असतो. याउलट आंबोली किंवा चोर्ल्याच्या चढावरच अडखळत असेल, तर ठिणगी दुबळी आहे असे समजावे. कारण भार वाढला की सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्टेज लागते. अर्थात चढावर पेट्रोल अपुरे पडत असले तरी असेच होते. मात्र तेव्हा कार्ब्युरेटरमधून उलट फुटके आवाज येतात.

आता आजारी सिलिंडर ओळखावे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिचे टोक इंजिनाच्या धातूला पक्के टेकवून ठेवावे आणि मग गाडी सुरू करावी. वायर मोकळी लोंबत ठेवली, तर कॉइलवर विनाकारण ताण पडतो. निरोगी सिलिंडरची वायर काढली, की इंजिन आणखी लंगडते. जिची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तेच आजारी. चालू इंजिनाच्या वायरींना हात लावू नये, आणि पदर, ओढणी किंवा सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

प्लगचा जबाब

त्या सिलिंडरचा प्लग काढून पाहावा. टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल, तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट चिकटा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल येते आहे. पांढरेफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी व उष्णता अधिक. मग तो प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावावा. दोष प्लगबरोबर सरकला, तर नवा प्लग हाच उपाय. न सरकल्यास वायरीची अशीच अदलाबदल करावी.

आपल्या भागातील पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरचे झाकण हे दोषाचे नेहमीचे ठिकाण. आत साठलेला दमटपणा किंवा केसासारखी चीर वीज भलतीकडे नेते. रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिले, तर वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना स्पष्ट दिसतात. झाकण कोरडे पुसावे, आतील काळी रेघ पाहावी, रोटर तपासावा. पॉइंटमधील अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहून फीलर गेजने मोजावा. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. थंड असताना उत्तम आणि अर्ध्या तासाने तापल्यावर मिसिंग, ही खूण बहुधा कॉइलची.

इंधन आणि दाब

ठिणगी निर्दोष ठरली, की इंधनाकडे वळावे. फिल्टर, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचा जेट साफ आहेत का, ते पाहावे. २०२५ साली आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. या गाड्यांचे रबरी नळ व पडदे अशा पेट्रोलासाठी घडवलेले नव्हते; ते मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल ओलावाही शोषून घेते. म्हणून महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये आणि नळ बदलताना इथेनॉल सोसणारेच घ्यावेत. गळता नळ ही केवळ मिसिंगची नव्हे, आगीचीही भीती आहे.

शेवटी दाब. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजावीत. एखाद्यात दाब बराच कमी आढळला, तर त्यात चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढल्यास व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच दाब कमी असेल, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट जळले असावे. २००० सालापासून पेट्रोलमधून शिसे गेले. ते व्हॉल्व्हच्या बैठकीला संरक्षण देत असे. त्यामुळे जुन्या इंजिनात बैठक झिजून टॅपेटमधील अंतर घटते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. टॅपेट वेळच्या वेळी तपासले, तर हा मोठा खर्च टळतो.

एका वेळी एकच वस्तू बदलावी, बदल केल्यावर गाडी चालवून पाहावी आणि काय केले ते वहीत तारखेसह टिपून ठेवावे. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारते, पण दोष कशात होता ते कळत नाही. जाणत्या मिस्त्रीची गरज यामुळे संपत नाही. हेड उतरवणे हे त्याचेच काम. मात्र ‘तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाब कमी आहे आणि तेल घालूनही वाढत नाही’ असे सांगणाऱ्या मालकाला ‘इंजिन संपले’ हे उत्तर सहसा कोणी देत नाही.