टरफलातला धनभार

ससून डॉकच्या शेडमध्ये बायका कोळंबी सोलायला बसतात तेव्हा हात यंत्रासारखे चालतात. डोकं पिरगाळून तोडायचं, पोटाकडून कवच उकलायचं, पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा. मांस बर्फाच्या टोपलीत, बाकी सगळं पायाशी. हे ‘बाकी सगळं’ कोळंबीच्या वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के भरतं. २०२२-२३ मध्ये भारतातून सुमारे ७ लाख ११ हजार टन गोठवलेली कोळंबी परदेशी गेली. बरीचशी आंध्रच्या तळ्यांत वाढलेली, वनामी जातीची. काही माल सालीसकट जातो हे धरलं तरी मागे राहणारा ढीग लहान नाही. कोळंबी, खेकडा आणि शेवंड यांची मिळून साठ ते ऐंशी लाख टन टरफलं दरवर्षी जगभरात निघतात, असा अंदाज ‘नेचर’मधल्या २०१५ च्या एका लेखात दिला होता.

वाळलेलं टरफल तपासलं तर त्यात तीन गोष्टी सापडतात: कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, प्रथिनं, आणि वीस ते तीस टक्के कायटिन. झाडाला उभं ठेवणारं सेल्युलोज जसं शर्करेच्या कड्यांची लांबलचक साखळी असतं, तसंच कायटिनही. फरक इतकाच की इथे प्रत्येक कडीवर नायट्रोजन असलेला एक गट लोंबतो आणि त्याच्या तोंडावर ॲसिटिलचं टोपण बसलेलं असतं. निसर्गातल्या बहुशर्करांमध्ये सेल्युलोजच्या खालोखाल मान याचाच. पण हा पदार्थ हट्टी. पाण्यात विरघळत नाही, सौम्य आम्लाला दाद देत नाही. १८५९ मध्ये शार्ल रुजे या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो तीव्र पोटॅशमध्ये उकळला, तेव्हा पहिल्यांदा तो आम्लात विरघळू लागला. टोपणं उडाली होती. हेच कायटोसान. (पुढे एलएसडीमुळे जगभर गाजलेल्या आल्बर्ट हॉफमान यांचा १९२९ चा डॉक्टरेटचा प्रबंध कायटिनवर होता, गोगलगाईच्या आतड्यातल्या रसानं ते कसं तुटतं, हा विषय. रसायनशास्त्राच्या इतिहासात अशा आडवाटा पुष्कळ.)

कारखान्यातली रीत अजूनही रुजेच्याच वळणाची आहे. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं ती बसवून दिली. धुतलेली टरफलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पडली की फसफसून फेस येतो, कारण खडू विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटतो. सौम्य कॉस्टिक सोडा प्रथिनं काढून नेतो. काही ठिकाणी आधी सोडा, मग आम्ल, असा उलटा क्रमही असतो. उरतात त्या फिक्या, हलक्या पाकळ्या: कायटिन. त्या चाळीस-पन्नास टक्के कॉस्टिकमध्ये तापवल्या, की झालं कायटोसान.

या पाकळ्या एक टक्का ॲसेटिक आम्लात, म्हणजे पातळ व्हिनेगरात, टाकून ढवळत राहिलं तर काही तासांनी भांड्यात दाट, चिकट द्राव तयार होतो. तो काचेवर पसरून वाळवला तर पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. त्याच द्रावाची धार कॉस्टिकच्या पाण्यात सोडली तर जागच्या जागी पांढरा धागा गोठतो. औषधाच्या गोळीवरचं आवरण असो की जखमेवरचा स्पंज, पुढची बरीचशी कारागिरी या दोन-तीन करामतींवरच उभी आहे.

त्यामागचं कारण एकच. आम्लात गेल्यावर कायटोसानवरचे उघडे अमिनो गट धनभारित होतात. निसर्गातल्या बाकीच्या बहुशर्करा बहुधा उदासीन तरी असतात किंवा पेक्टिन, अल्जिनेटसारख्या ऋणभारित. धनभाराची ही जवळजवळ एकटीच. आणि आपल्याला ज्यांचा उपद्रव होतो त्या गोष्टी, पाण्यातली माती, रंगाचे कण, जिवाणूंचा पृष्ठभाग, बहुतेक ऋणभारित. जपानमध्ये १९७० च्या दशकात सांडपाण्यातला गाळ खाली बसवण्यासाठी कायटोसान मोठ्या प्रमाणावर वापरात आलं ते यामुळेच. तांबं, पारा असे जड धातू मात्र ते भारानं ओढत नाही. त्यांना अमिनो गटातल्या नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी पकडते.

सर्वांत भरवशाचा उपयोग रक्त थांबवण्याचा आहे. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. कायटोसानच्या पट्टीला त्या चिकटतात, एकमेकींना धरतात आणि जखमेवर बूच बसतं. शरीराच्या स्वतःच्या गोठणसाखळीची वाट पाहावी लागत नाही, म्हणून रक्त गोठू न देणारं हेपारिन घेणाऱ्या रुग्णातही ही पट्टी काम करते. अमेरिकेत २००२ मध्ये ‘हेमकॉन’ पट्टीला मान्यता मिळाली आणि ती इराक-अफगाणिस्तानातल्या सैनिकांच्या पिशवीत गेली. भारतात ‘ॲक्सिओस्टॅट’ याच तत्त्वावर बनतं. यात एक बारकावा आहे: सामू साडेसहाच्या वर गेला की कायटोसानचा भार गळतो, आणि रक्ताचा सामू ७.४. म्हणून हेमकॉनच्या पट्टीत ते आम्लासोबतच्या क्षाराच्या रूपात घातलेलं असतं. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी घाबरावं का? ॲलर्जीचा मुख्य दोषी ट्रोपोमायोसिन हे प्रथिन आहे. ते नीट काढलं असेल तर धोका फार कमी राहतो. सगळा भार त्या ‘नीट’वर.

वजन उतरवण्याच्या गोळ्यांचं काय? पोटात गेलेली चरबी कायटोसान बांधून बाहेर नेतं, ही जाहिरात ऐकायला पटते. पण वैद्यकीय चाचण्यांच्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात वजनातला फरक नगण्य निघाला. दिवसाला तीन ग्रॅम घेतल्यास एलडीएल कोलेस्टेरॉलला मदत होते, एवढा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०११ मध्ये मान्य केला; वजनाचा नाही. माझ्या मते या गोळ्यांनी हलका होतो तो खिसा.

शेतीतलं चित्र याहून बरं आहे. कायटिन बुरशीतही असतं, म्हणून रोपाला कायटोसान लागलं की बुरशीचाच हल्ला झाला असं समजून ते आपली संरक्षणयंत्रणा जागी करतं. युरोपीय संघानं २०१४ मध्ये कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणातला मूलभूत पदार्थ म्हणून मंजुरी दिली. फळावर पातळ थर दिला तर श्वसन मंदावून पिकणं लांबतं. पण हा थर पाण्याची वाफ म्हणावी तशी अडवत नाही, त्यामुळे आंब्याच्या पेटीचे सगळे प्रश्न त्यानं सुटणार नाहीत.

खरी अडचण प्रतीची आहे. कायटोसान हा एक पदार्थ नव्हे, कुळी आहे. किती टोपणं उडाली आणि साखळी किती लांब राहिली यावर गुण ठरतात, आणि एकाच नावाच्या दोन पुड्या अगदी वेगळ्या वागू शकतात. आम्लात टरफल जास्त वेळ राहिलं की साखळी तुटते, द्राव पातळ होतो. टरफल शिळं असेल तर बिघाड कारखान्याच्या दारातच सुरू झालेला असतो. म्हणून जो माल सांडपाण्याला चालतो तो दवाखान्यात चालत नाही, आणि किमतीतली तफावत तिथूनच येते. त्यात ‘पर्यावरणस्नेही’ असा शिक्का मारलेल्या या मालामागे आम्ल, कॉस्टिक आणि धुण्याच्या पाण्याचा मोठा खर्च असतो. जिवाणूंकडून आंबवून टरफल साफ करण्याचे प्रयोग झाले आहेत. ते सौम्य आहेत, पण संथ.

एका प्रतीचा माल वर्षभर हवा असणाऱ्यांनी कोळंबी सोडून बुरशी धरली आहे. कायटिन मुळात सापडलं होतं ते अळंबीत, १८११ मध्ये, आंरी ब्राकोनो यांना. आता बेल्जियममध्ये अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून कायटोसान काढतात. शाकाहाऱ्यांना चालतं, कवचातल्या प्रथिनांची भीती नाही. वाइन निवळण्यासाठी आणि त्यातला ब्रेटानोमायसिस हा उपद्रवी यीस्ट मारण्यासाठी कायटोसानला आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेनं २००९ मध्ये परवानगी दिली, तीही फक्त बुरशीच्या कायटोसानाला. कोळंबीचं तिथे चालत नाही.