परक्या वखारीतील वही : ‘मोबाइलमी’ प्रकरणाचा बोध

व्यापाऱ्याच्या घरी तिजोरीइतकाच, किंबहुना तिच्याहून काकणभर अधिक, मान वहीला असतो. तिजोरीतील रक्कम गेली तर ती कष्टाने पुन्हा मिळविता येते. परंतु वही गेली तर कोणाकडून किती येणे आणि कोणास किती देणे हेच कळेनासे होते. म्हणून दिवाळीत आपण वहीचे पूजन करतो. ही वही गेल्या काही वर्षांत गादीवरून उठून संगणकात गेली आणि आता संगणकातूनही निघून परक्याच्या जागेत, ज्यास ‘क्लाउड’ म्हणतात तेथे, जाऊन बसू लागली आहे. आमच्या पेठेतील अनेक पेढ्यांची बिले, खाती आणि गिऱ्हाइकांचे पत्ते आज अशाच ठिकाणी असतात. दुसऱ्याची वही सांभाळण्याचे काम पत्करणाऱ्याने ते कसे करावे आणि वही सोपविणाऱ्याने कोणती दक्षता बाळगावी, हे समजून घेण्यास २००८ साली अमेरिकेत घडलेले एक प्रकरण फार उपयोगी आहे. ते सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

क्लाउड म्हणजे काय

नाव मेघाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. कंपनीच्या मोठ्या इमारतीत सर्व्हर नावाचे संगणक रांगेने मांडलेले असतात आणि त्यांत आपली माहिती साठविलेली असते. आपण आपले धान्य सरकारी वखारीत ठेवतो व पावती घेतो, तसाच हा प्रकार होय. भेद इतकाच की, येथे केवळ साठवण नसते, जुळवणीही असते. समजा, आमची पेढी बाजारात, वखार गावाबाहेर आणि घर तिसरीकडे आहे. तिन्ही ठिकाणी एकच वही असावी आणि एकीकडे केलेली नोंद इतर दोन्हीकडे आपोआप उमटावी, असे आम्हास वाटते. मध्ये बसलेला सर्व्हर हे काम करतो. पेढीवरची नोंद तो घेतो आणि वखारीस व घरास कळवितो. फोन, घरचा संगणक आणि कचेरीचा संगणक यांचा असा रोजच्या रोज मेळ घालून देणे हाच या धंद्याचा गाभा आहे.

मोठे वचन

ॲपल ही कंपनी संगणक व फोन बनविण्यात नाणावलेली. तिने २००० साली ‘आयटूल्स’ या नावाने अशी एक सेवा विनामूल्य सुरू केली होती. २००२ साली तिचे नाव ‘डॉट मॅक’ असे झाले आणि तिजवर सालीना सुमारे शंभर डॉलर वर्गणी बसली. पुढे ९ जून २००८ रोजी कंपनीने जाहीर केले की, ‘डॉट मॅक’ बंद होऊन तिच्या जागी ‘मोबाइलमी’ ही नवी सेवा येईल. वर्गणी ९९ डॉलर, साठवणीची जागा २० गिगाबाइट. ई-मेल, पत्त्यांची वही आणि दिनदर्शिका या तिन्ही गोष्टी फोनवर व संगणकावर सदैव एकसारख्या राहतील, बदल एका ठिकाणी केला की तो तत्काळ दुसरीकडे ढकलला जाईल, असे हे वचन होते. या ढकलण्यास त्यांनी ‘पुश’ हा शब्द योजिला होता. मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत जी सोय असते ती आता सामान्य गृहस्थास मिळेल, असा एकंदर अर्थ होता.

एका मुहूर्तावर चार कार्ये

कंपनीने जुलैच्या त्याच आठवड्यात चार गोष्टी बाजारात आणण्याचे ठरविले : ‘आयफोन ३जी’ हा नवा फोन, जुन्या-नव्या सर्व आयफोनांसाठी २.० हे नवे सॉफ्टवेअर, फोनवरील कार्यक्रम विकणारे ‘ॲप स्टोअर’ आणि ‘मोबाइलमी’. एका मांडवात एका दिवशी चार लग्ने काढण्यासारखाच हा प्रकार झाला.

९ जुलैच्या रात्री जुनी ‘डॉट मॅक’ सेवा उतरवून नवी चढविण्याचे काम सुरू झाले. त्यास ६ तास लागतील असे सांगितले होते. ते तास उलटले, तरी दार नीट उघडले नाही. पुढे ते मध्येच उघडे, मध्येच बंद होई. वर्गणीदारांची अडचण अशी की, जुने दुकान पाडलेले आणि नव्याचे छप्पर अजून चढलेले नाही.

११ जुलै रोजी वीसहून अधिक देशांत नवा फोन विक्रीस आला. फोन विकत घेतल्यावर तो कंपनीच्या सर्व्हरकडून मान्य करून घ्यावा लागे. त्याशिवाय तो चालू होत नसे. त्याच दिवशी जुन्या आयफोनांचे लक्षावधी मालक आपल्या फोनात २.० सॉफ्टवेअर घालू लागले आणि त्यांनाही त्याच दारातून जावे लागले. सर्व्हर गुदमरले. दुकानांतून गिऱ्हाइकांना फोन तसाच हाती देऊन, घरी जाऊन तो चालू करून घ्या, असे सांगण्यात येऊ लागले. अधिक हळहळ वाटते ती जुन्या गिऱ्हाइकांबद्दल. नवा फोन मिळाला नाही तर माणूस रांगेत थांबतो. परंतु ज्याचा चालता फोन सुधारणेच्या नावाखाली कित्येक तास मुका झाला, त्याने काय करावे? संकटकालीन क्रमांकाखेरीज त्यास कोठेच बोलता येईना.

विक्रीच्या दृष्टीने पाहता कंपनीचा जयजयकारच झाला. पहिल्या तीन दिवसांत दहा लाख फोन विकले गेले. परंतु विक्रीचा आकडा गल्ल्यात दिसतो, गिऱ्हाइकाची नाराजी गल्ल्यात दिसत नाही. ती पुढच्या हंगामात दिसते.

‘तत्काळ’ म्हणजे पंधरा मिनिटे

सेवा लागली तेव्हा दुसरी तक्रार निघाली. फोनावरील बदल सर्व्हरवर लगेच जाई, हे खरे. परंतु घरच्या संगणकावर केलेला बदल निघण्यास पंधरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. कारण संगणक दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरकडे चौकशी करीत असे. पंधरा मिनिटांचा विलंब हा काही मोठा अपराध नव्हे. दर पंधरा मिनिटांनी माणूस निघेल असे आधी सांगितले असते, तर कोणी हूं की चूं केले नसते. परंतु पाटीवर ‘तत्काळ’ लिहून पंधरा मिनिटे लावणे म्हणजे पहिल्या प्रतीचा नमुना दाखवून दुसऱ्या प्रतीचा माल भरणे होय. आपल्या बाजारात भांडण होते ते दुसऱ्या प्रतीच्या मालावरून नव्हे, नमुना व माल यांतील अंतरावरून होते. १६ जुलैच्या सुमारास कंपनीने वर्गणीदारांची क्षमा मागितली, ३० दिवसांची मुदत फुकट वाढवून दिली आणि संगणकांवरही काम खरोखर तत्काळ होईपर्यंत ‘पुश’ हा शब्द वापरणार नाही असे कळविले. पाटीवरील शब्द स्वतः पुसून टाकणे यास आम्ही प्रामाणिकपणाच म्हणू.

शंभरांत एक

या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग यापुढचा आहे. १८ जुलै रोजी ई-मेलचा एक सर्व्हर बिघडला आणि वर्गणीदारांपैकी सुमारे १ टक्का लोकांची टपालपेटी बंद झाली. आठवडा उलटला तरी ती पूर्ववत झाली नव्हती. त्यातही, १६ ते १८ जुलै या काळात या लोकांना आलेल्या पत्रांपैकी सुमारे १० टक्के पत्रे कायमची गेली.

शंभरांत एक म्हणजे काहीच नव्हे, असे वरवर वाटेल. शंभर पोत्यांत एक पोते किडले तर आपण घट म्हणून सोडून देतो. परंतु येथेच धान्याचा हिशेब आणि पत्रांचा हिशेब वेगळे होतात. गव्हाच्या एका पोत्याची भरपाई त्याच प्रतीच्या दुसऱ्या पोत्याने होते. एका पत्राची भरपाई दुसऱ्या पत्राने होत नाही. गेलेल्या पत्रात सौद्याची मान्यता असेल, मुलाच्या नोकरीचे बोलावणे असेल, रुग्णालयाचा निरोप असेल. शिवाय पत्र आलेच नाही म्हणजे ते गेले आहे हेसुद्धा ठाऊक होत नाही. तूट कळावी इतकेही चिन्ह मागे राहत नाही. ज्याच्याकडे दुसऱ्याची वही आहे, त्याने आपली चूक टक्क्यांत मोजून समाधान मानू नये. कारण ज्याची वही गेली त्याची ती शंभर टक्के गेली.

लोकांचा संताप बिघाडापेक्षा मौनावर अधिक होता. टपाल केव्हा येईल, आलेले सुरक्षित आहे की नाही, कोणास विचारावे, याचे उत्तर मिळेना. अखेर १८ तारखेस झालेल्या बिघाडाबाबत २५ जुलैच्या सुमारास कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांच्या सांगण्यावरून एक सूचनाफलक सुरू झाला. त्यावर एक-दोन दिवसांआड कामाची प्रगती लिहिली जाऊ लागली आणि हरवलेल्या पत्रांची कबुलीही तेथेच दिली गेली. हेच पहिल्या दिवशी झाले असते तर अर्धा संताप निवाला असता.

कबुली आणि जबाबदारी

४ ऑगस्ट रोजी जॉब्स यांनी आपल्या नोकरवर्गास पत्र लिहिले व ते पुढे प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा : ही सेवा आपल्या दर्जास उतरली नाही, तिला अधिक वेळ व अधिक तपासणी हवी होती, ती एकदम न उघडता टप्प्याटप्प्याने उघडावयास हवी होती, आणि फोन, सॉफ्टवेअर व ॲप स्टोअर यांच्या जोडीने तिला त्याच दिवशी आणणे ही चूक होती. इंटरनेटवरील सर्व सेवांचा कारभार त्यांनी एडी क्यू या एकाच अधिकाऱ्याकडे सोपविला. ऑगस्टमध्येच वर्गणीदारांना आणखी ६० दिवस मिळाले. ३० व ६० मिळून ९० दिवस, म्हणजे वर्षाच्या वर्गणीचा जवळजवळ चौथा हिस्सा. फोनाच्या सॉफ्टवेअरचीही डागडुजी चालूच होती : ४ ऑगस्टला २.०.१, १८ ऑगस्टला २.०.२ आणि १२ सप्टेंबरला २.१.

मधल्या काळात, २२ ऑगस्ट रोजी, तो फोन आपल्या देशातही आला. अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळणारा हा ८ गिगाबाइटचा फोन येथे ३१,००० रुपयांस पडे, आणि तो विकणाऱ्या खाजगी कंपन्यांचे ३जी जाळे तर अद्याप उभेच नव्हते. नावातील ‘३जी’ त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ दिवस नावापुरतेच राहिले.

२०११ च्या जूनमध्ये ॲपलने ‘आयक्लाउड’ ही नवी सेवा जाहीर केली, तेव्हा ‘मोबाइलमी’ ही काही आपली अभिमानाची कामगिरी नव्हती, असे जॉब्स यांनी भर सभेत सांगितले. आयक्लाउड १२ ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी एकच आठवडा जॉब्स यांचे निधन झाले होते. पहिले ५ गिगाबाइट विनामूल्य होते. ‘मोबाइलमी’ ३० जून २०१२ रोजी कायमची बंद झाली.

आपण काय घ्यावे

जगातील अत्यंत कुशल कारागिरांच्या कंपनीवर जर हा प्रसंग येतो, तर कोणतीही सेवा अभंग आहे असे समजण्याचे कारण नाही. तथापि भिऊन पुन्हा बोरूकडे वळावे असेही आमचे म्हणणे नाही. वखार जळते म्हणून कोणी धान्य साठविणे सोडीत नाही, विमा उतरवितो.

यातील पहिली गोष्ट ही की, जुळवणी म्हणजे जपणूक नव्हे. तीन ठिकाणी वही दिसते म्हणून तीन वह्या आहेत असे समजू नये. वही एकच असते. पेढीवरच्या मुलाने चुकून एखादे खाते पुसले की ते वखारीत आणि घरीही पुसले जाते. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, ती पेढीबाहेर ठेवावी आणि ती उघडते की नाही हे महिन्याकाठी पाहावे. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे आपणांवर बंधनकारक आहे. सेवा देणाऱ्याची इतकी वर्षे हमी कोण देईल?

दुसरे असे की, जुनी पद्धत नव्या पद्धतीने स्वतःस सिद्ध करेपर्यंत बंद करू नये. निदान एक महिना दोन्ही वह्या समांतर चालवाव्या आणि शिल्लक जुळली की मगच जुनी मिटावी. फोनात वा संगणकात नवे सॉफ्टवेअर घालावयाचे ते सुगीच्या आवकेत किंवा विवरणपत्राच्या आदल्या दिवशी घालू नये. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावे, पहिल्या चुका इतरांच्या अनुभवाने दुरुस्त होतात.

तिसरे, वर्गणी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे : बिघाड झाल्यास उत्तर कोण देणार, ते कोठे कळणार, आणि उद्या सेवा सोडावयाची झाल्यास आमची वही आम्हास कोणत्या स्वरूपात परत मिळणार? यांची उत्तरे गुळमुळीत आली तर दर कितीही स्वस्त असो, तो सौदा करू नये.

आणि शेवटचे, जे आपणां सर्वांसच लागू आहे. आपणही कोणाचे तरी धान्य, कोणाची तरी रक्कम, कोणाचा तरी शब्द सांभाळीत असतो. माल पोचण्यास उशीर होणार असेल, पोती भिजली असतील, तर गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी आपण कळवावे. नुकसान भरून देता येते. परंतु आपल्याला कोणी कळविलेच नाही, ही गिऱ्हाइकाच्या मनातील नोंद कोणत्याही वहीत जमा करून फेडता येत नाही.