झटक्यानंतरचे चालणे

घरातील कर्त्या माणसाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला, की घराची रीतच पालटते. पाण्याचा तांब्या हातात आणून दिला जातो, भाजीची पिशवी कोणी उचलू देत नाही, जिन्याची तर बोलीच नको. या मायेमागे एक जुनी समजूत आहे : दुखावलेल्या हृदयाला केवळ विश्रांती हवी. एके काळी वैद्यकशास्त्रही हेच सांगे आणि रुग्णाला सहा-सहा आठवडे खाटेवरून हलू देत नसे.

या समजुतीला अमेरिकेत धक्का बसला. १९५२ साली डॉ. लेव्हाइन व डॉ. लाऊन यांनी आपल्या रुग्णांना पहिल्या आठवड्यातच आरामखुर्चीत बसविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना क्रमाक्रमाने हिंडण्याफिरण्यास व कामास लावले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवले, तर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. व्यायामाने ती परत आली. निरोगी तरुणांची ही गत, तर रुग्णाचे काय होत असेल!

झटक्यात मेलेला स्नायू व्यायामाने पुन्हा जिवंत होत नाही. तेथे व्रण उरतो. मग चालण्याने साधते काय? पायांचे स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात, रक्तवाहिन्या अधिक सहजपणे रुंदावतात आणि तेच काम हृदय कमी ठोक्यांत उरकते. श्रम थांबल्यावर नाडीही लवकर खाली येते. व्यायामासह पुनर्वसन घेणाऱ्या रुग्णांत पुन्हा झटका येण्याचे व हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले आहे.

मात्र हा व्यायाम औषधासारखाच मोजून घ्यावयाचा. आधी डॉक्टरांकडून तपासणी व अनुमती. मग सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे चालणे आणि काही आठवड्यांत, सोसेल तसे, अर्ध्या तासापर्यंत. आरंभ व शेवट संथ असावा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढीच गती. जेवणानंतर लगेच, ग्वाल्हेरच्या पहाटेच्या कडाक्यात किंवा उन्हाळ्यातील दुपारी चालू नये. छातीत दडपण, धाप वा भोवळ आली, तर तत्काळ थांबून बसावे; डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली धरावी; पाच मिनिटांत आराम न पडल्यास विनाविलंब इस्पितळ गाठावे.

स्त्रियांच्या बाबतीत एक निराळाच गैरसमज आढळतो : घरकाम हाच व्यायाम! ओट्यापाशी तासन् तास उभे राहणे म्हणजे सलग चालणे नव्हे. त्यांच्यासाठीही अर्धा तास राखून ठेवलाच पाहिजे.

भीती रुग्णाइतकीच घरच्यांच्याही मनात असते. म्हणून डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर “उठू नका” म्हणण्याऐवजी “चला, मी बरोबर येते” असे म्हणणारे माणूस घरात असावे. निम्मी शुश्रूषा त्यातच आहे.