अर्जावरील ई-मेलचा पत्ता

नोकरीचा अर्ज कितीही काळजीने लिहिला, तरी मुलाखतीचे बोलावणे यावयाचे ते अर्जावर दिलेल्या पत्त्यावरच. आपण गावी नसलो तर कागदी पत्र शेजारी घेऊन ठेवीत. ई-मेलला ती सोय नाही. म्हणून आपल्या तरुण मंडळींनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

पत्ता स्वतःच्या ताब्यातला असावा. कॉलेजने दिलेला पत्ता शिक्षण संपल्यावर बहुधा बंद होतो. सध्याच्या कचेरीचा पत्ता तर मुळीच देऊ नये. ते टपाल मालकास पाहता येते आणि नोकरी सुटताच पत्ताही सुटतो.

पत्त्यात नाव व आडनाव असावे, लाडाचे नाव नको. तो आधीच कोणी घेतला असल्यास मध्ये वडिलांच्या नावाचे आद्याक्षर घालावे. स्पेलिंग दाखल्याप्रमाणेच ठेवावे. जीमेलच्या पत्त्यात नावामधील टिंब सुटले तरी पत्र पोहोचते. अक्षर चुकले तर पोहोचत नाही.

पत्ता नित्य वापरातला असावा. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल २०२३ साली केलेल्या नियमाने काढून टाकू शकते. अर्ज धाडल्यावर रोज टपाल पाहावे, ‘स्पॅम’चा कप्पाही उघडावा.

पुष्कळ घरी मुलीच्या अर्जावर वडिलांचा किंवा भावाचा पत्ता घालतात. हेतू चांगला असतो. पण बोलावणे त्यांच्या टपालात पडून राहते आणि मुलाखतीचा दिवस निघून जातो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाचा पत्ता वेगळा असावा व त्याचा पासवर्ड ज्याचा त्याच्याच हाती असावा, एवढेच पालकांस आमचे सांगणे आहे.