घराचं काम काढताय? आधी वारसांना एकत्र बसवा

पावसाळा सरला की कोकणात घराच्या कामांची लगबग सुरू होते. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, मागची पडवी पक्की करायची, नाहीतर मुलाच्या निकाहाआधी वर दोन खोल्या चढवायच्या. मिस्त्री ठरतो, रेती-खडी दारात येऊन पडते. घर नक्की कुणाचं आहे, हे मात्र बघायचं राहून जातं.

अनेक घरांची घरपट्टी आजही मरहूम वालिदांच्या किंवा आजोबांच्या नावाने येते. शरियतप्रमाणे इंतकाल होताच वारसांचा हक्क लागू होतो, सरकारी नोंद झालेली असो वा नसो. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि असल्यास एक तृतीयांशापर्यंतची वसियत वजा जाता उरलेल्याची वाटणी सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतींप्रमाणे होते. समजा मागे अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, वालिदांचे आईवडील हयात नाहीत. घराचे ४० भाग धरले तर अम्मीचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७.

आता सौदीतला थोरला भाऊ आठ लाख पाठवतो आणि वरचा मजला उभा राहतो. हे पैसे त्याने घराला दिले, उसने दिले, की वरचा मजला त्याचा एकट्याचा? विचारणं बरं दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. पुढे त्याची मुलं विचारतात, तेव्हा सांगणारे उरलेले नसतात.

बहिणीचंही तेच. "ती म्हणाली होती, मला काही नको," एवढ्यावर भागत नाही. तिला हिस्सा सोडायचाच असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र करावं. ती खुशीने सोडतेय की माहेर तुटेल या भीतीने, हे भावांनी आधी स्वतःला विचारलेलं बरं.

सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार घ्यायला सांगते. तेव्हा भावाभावांत कागद करणं म्हणजे अविश्वास नव्हे. कोण किती रक्कम घालतो, ती भेट आहे की कर्जे-हसना, नवीन बांधकाम कुणाचं, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वकिलाला दाखवा. वारसनोंदही याच वेळी उरकून घ्या, कारण बांधकाम परवानगीला मालकीचे कागद लागतातच.

मग इंजिनिअरला बोलवा. जुन्या चिऱ्याच्या भिंती आणि पाया कौलांच्या वजनासाठी घातलेला असतो. स्लॅबचा भार तो पेलेल का, हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. मिस्त्रीशी दर ठरवताना माल त्याचा की तुमचा, हे लिहून घ्या आणि पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या.

येती काही वर्षं रमजान हिवाळ्यात, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत येणार आहे. सहरी-इफ्तारीच्या महिन्यात स्वयंपाकघर आणि मोरी दोन्ही एकदम फोडून बसू नका. आणि नकाशावरच संडासाची सीट उत्तर-दक्षिण घ्यायला सांगा, म्हणजे किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ होणार नाही. पाईप गाडून फरशी बसली की ती फिरवणं खर्चाचं काम आहे.