पोरांची पहिली टेकडी: पर्वती, वेताळ, मग सिंहगड

आजचा भाग चार-पाच वर्षांच्या पोरांना डोंगर दाखवू पाहणाऱ्या पुण्यातल्या आई-बाबांसाठी.

एकच सूत्र: टोक गाठायचं नाही, पोराने स्वतःच्या पायांनी परत यायचंय. मोठी माणसं दमायला लागली की सांगतात. लहान मूल दमेपर्यंत पळतं आणि मग एकदम बसकण मारतं. म्हणून ते खुशीत असतानाच मागे फिरा.

सुरुवात पर्वतीपासून. शंभरेक रुंद दगडी पायऱ्या आणि वरून दिसणारं अख्खं पुणं.

ते जमलं की वेताळ टेकडी. एआरएआयच्या बाजूने गेलात तर बराचसा चढ गाडीच चढते. पुढे बऱ्यापैकी सपाट वाट. मोर दिसला तर बोनस! पण तिथल्या जुन्या खाणीत पाणी साठतं, तेव्हा कडेजवळ पोराचा हात सोडायचा नाही.

तिसरा नंबर सिंहगडाचा. आतकरवाडीची वाट एवढ्यात नको, ती मोठ्यांचाही घाम काढते. घाटरस्त्याने गाडी वर न्या, पुणे दरवाजातून आत शिरा, देवटाकं बघा, पिठलं-भाकरी खा.

निघायचं उजाडताच, ऊन तापायच्या आत घरी. पाणी, टोपी, पकड असलेले बूट आणि थोडा खाऊ सोबत हवाच. उतरताना मुरमावरून पाय सटकतो, म्हणून मोठ्याने पोराच्या खालच्या बाजूला राहायचं. चेहरा लालबुंद झाला, बडबड थांबली, की आधी सावली आणि पाणी. मग सरळ घरी. टेकडी कुठे जात नाही, पुढच्या रविवारी पुन्हा जाता येतं.

चला, भेटू पुढच्या भागात!