शर्करारहित शीतपेये

शर्करारहित शीतपेये : साखरेऐवजी कृत्रिम मधुरके वापरून तयार केलेली, कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पेये. व्यवहारात त्यांना ‘डाएट’ पेये म्हणतात. नेहमीच्या कोला पेयाच्या ३३० मिलि. डब्यात सु. ३५ ग्रॅ. साखर असते व तिच्यापासून सु. १४० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेवढ्याच शर्करारहित कोला पेयाचे ऊर्जामूल्य नगण्य असते.

इतिहास : सॅकॅरीन हे मधुरक १८७९ मध्ये अमेरिकेत कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना आढळले. तथापि १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे हायमन कर्श यांनी मधुमेही रुग्णांसाठी सायक्लामेटयुक्त ‘नो-कॅल’ पेय काढले, तेव्हापासून या पेयांचा खरा प्रसार झाला. वजन घटवू इच्छिणारे लोकही त्यांकडे वळले. त्यानंतर ‘टॅब’ (१९६३) व ‘डाएट पेप्सी’ (१९६४) ही पेये बाजारात आली. उंदरांवरील प्रयोगांत मूत्राशयाची अर्बुदे आढळल्याने १९६९ मध्ये अमेरिकेत सायक्लामेटवर बंदी जाहीर झाली व उत्पादकांना सॅकॅरिनावर अवलंबून राहावे लागले. मात्र त्याची कडवट चव जिभेवर रेंगाळते. ॲस्पार्टेमाला तेथे कार्बनयुक्त पेयांसाठी १९८३ मध्ये मान्यता मिळाली.

निर्मितिप्रक्रिया : सामान्य पेयात साखरेचे प्रमाण सु. १० टक्के असते. ती गोडीबरोबरच पेयाला घनता व दाटपणाही देते. ॲस्पार्टेम साखरेच्या सु. २०० पट गोड असल्याने एका लिटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास पुरते. परंतु त्यामुळे पेय पाणचट लागते. म्हणून स्वादद्रव्ये व अम्ले यांचे प्रमाण नव्याने ठरवावे लागते. पाण्यात भरलेले बंद डबे सोडल्यास साखरेच्या पेयाचा डबा बहुधा बुडतो, तर शर्करारहित पेयाचा तरंगतो, तो या घनतेतील फरकामुळेच.

शुद्ध केलेल्या पाण्यात मधुरक, फॉस्फोरिक किंवा सायट्रिक अम्ल, स्वादद्रव्ये व परिरक्षक मिसळतात. मिश्रण थंड करून त्यात दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड विरघळवितात व ते लगेच बाटल्यांत किंवा डब्यांत भरतात. ॲस्पार्टेमाचे अम्लीय द्रवात हळूहळू विघटन होते व उष्णतेने ते वाढते. त्यामुळे तापलेल्या गोदामात पडून राहिलेल्या पेयाची गोडी कमी होते. यावर उपाय म्हणून त्याच्या जोडीला अधिक स्थिर असे ॲसिसल्फेम पोटॅशियम वापरतात. काही पेयांत सुक्रालोज असते. मधुरकांच्या मिश्रणाने एकेकाची नकोशी चवही झाकली जाते.

पोषणमूल्य व आरोग्य : या पेयांतून प्रथिने वा जीवनसत्त्वे जवळजवळ मिळत नाहीत. साखर नसल्याने रक्तशर्करा थेट वाढत नाही व दातांतील जंतूंना खाद्य मिळत नाही. परंतु अम्ले कायम असल्याने दातांच्या लुकणाची झीज होऊ शकते. कोला पेयांत सामान्यतः कॅफीनही असते. ॲस्पार्टेमापासून पचनानंतर फिनिलॲलॅनीन हे ॲमिनो अम्ल निर्माण होते. फिनिलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकारात त्याचा चयापचय नीट होत नाही. म्हणून अशा रुग्णांना ॲस्पार्टेमयुक्त पेये वर्ज्य असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मर्यादित पुराव्याच्या आधारे ॲस्पार्टेमाचा ‘संभाव्य कर्कजनक’ गटात समावेश केला. मात्र त्याच वेळी अन्न-समावेशकांच्या तज्ञसमितीने शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास रोज ४० मिग्रॅ. ही पूर्वीची मर्यादा कायम ठेवली. त्यानुसार ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस रोज २,४०० मिग्रॅ. चालते. एका डब्यात २०० ते ३०० मिग्रॅ. ॲस्पार्टेम धरल्यास ही मर्यादा ८ ते १२ डब्यांनी गाठली जाते. वजन-नियंत्रणासाठी अशी मधुरके वापरू नयेत, असाही सल्ला संघटनेने २०२३ मध्ये दिला. तो आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही.

साखरेच्या पेयाऐवजी घेतल्यास तेवढी साखर टळते, एवढाच या पेयांचा आहारदृष्ट्या लाभ आहे. जेवणात इतरत्र तेवढीच ऊर्जा घेतली गेल्यास तोही उरत नाही.